सगळ्यांना आवडलेला आवाज

गाणं सकाळी ग्रुपवर गेलं आणि चहाचं आधण उकळायच्या आत पहिलं मत आलं. ‘व्वा! आवाजात अजून तीच गोडी!’ सोबत दोन गुलाब. गाणं सात मिनिटांचं आहे. ते दोन मिनिटांत कसं ऐकून होतं हे मला कुणीतरी शिकवा.

गाणं आमचं, म्हणजे माझं आणि माझ्या कॉलेजपासूनच्या मित्राचं. मी लिहिते आणि गाते. चाल लावणं, वाजवणं, शेवटी सगळं जुळवून गाणं लोकांपर्यंत पोचवणं त्याच्याकडे. चाळीसेक वर्षं हेच चाललंय. आमची गाणी कुठल्याच खणात बसत नाहीत. कधी शिलाई मशीनचा ठेका, कधी लग्नाच्या बँडमधला एकटाच क्लॅरिनेट. भावगीतवाल्यांना ती विचित्र वाटायची आणि शास्त्रीयवाल्यांना पोरकट. ऐकणारे मोजकेच, पण ते कान देऊन ऐकायचे आणि भांडायचे. एकदा कार्यक्रमानंतर एका गृहस्थांनी आम्हाला पायऱ्यांवर गाठून, ‘दुसऱ्या कडव्याचं वाटोळं केलंत’ असं तोंडावर सुनावलं होतं. तेव्हा मी त्यांच्यावर भयंकर चिडले होते. आता वाटतं, हे गृहस्थ कुठे सापडले तर त्यांना घरी जेवायला बोलवावं.

कारण मला या वेळी एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. थायरॉइडच्या ऑपरेशननंतर माझा आवाज उरलाय की नाही? स्वतःचं स्वतःला कळत नाही. आतून तो बरा लागल्यासारखाच वाटतो. नवऱ्याला विचारलं तर म्हणतो, ‘तुझं काय, चांगलंच असतं,’ आणि पेपर उलटतो.

मित्राचं नाशिकच्या द्वारका चौकात साउंड आणि लायटिंग भाड्याने देण्याचं दुकान आहे. वरच्या खोलीत आम्ही रेकॉर्डिंग करतो, दुपारी, चौकातले हॉर्न त्यातल्या त्यात कमी असतात तेव्हा. मी नेहमीच्या काळी पाचमध्ये गायले. तरुणपणापासून माझी पट्टी तीच, ती सोडायचा विचारही मनात आला नाही. प्रत्येक वेळी गाऊन झालं की तो हेडफोन काढायचा आणि म्हणायचा, ‘छान. अजून एकदा घेऊ या.’ छान असेल तर अजून एकदा कशाला, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

दुपारपर्यंत मतांचा नुसता पाऊस. आमच्या नाशिक रोडच्या कॉलनीचा ग्रुप, जुन्या ऑफिसच्या मैत्रिणी, भजनी मंडळ. ‘कान तृप्त झाले.’ ‘सरस्वतीचा वरदहस्त!’ आणि हात जोडलेले, हात जोडलेले, हात जोडलेले. शेवटी न राहवून मी लिहिलं, ‘वरचा सा लागलाय का? खरं सांगा.’ लगेच उत्तर, ‘तुम्ही काय वाईट गाणार होय!’ खाली आणखी गुलाब. माझा असा संताप झाला की फोन डाळीच्या डब्यावर आपटला. अरे, वाईट म्हणा! कंटाळा आला म्हणा! पण ऐका तरी!

संध्याकाळी नामपूरच्या नणंदेचा फोन आला. गाण्याच्या सुरुवातीला कांद्याच्या लिलावाचा गलका आहे, तो तिनेच मार्केटमध्ये उभं राहून मोबाइलवर टिपून दिला होता. आपला लिलाव नीट घेतलाय का, एवढंच बघायला तिने गाणं लावलं होतं.

‘वहिनी, लिलाव बेस ऐकू येस,’ ती म्हणाली. ‘पन तुम्हना आवाज कोठे शे?’

‘म्हणजे?’

‘शेवटलोंग ऐकं मी. तुम्ही नहीत ना त्यामा.’

माझी एक खोड आहे. त्याने गाणं बाहेर काढलं की मी ते तसंच सगळ्या ग्रुपवर टाकते आणि महिनाभर ऐकत नाही. नुसत्या चुका दिसतात. त्या दिवशी मात्र लावलं. लिलाव, मग क्लॅरिनेट, मग जिथे माझी पहिली ओळ यायला हवी तिथे हार्मोनियम. पुढेही हार्मोनियमच. सात मिनिटांत माझा एक स्वर नव्हता. सकाळपासून ज्या आवाजाची गोडी सगळ्यांना लागली होती, तो त्या गाण्यात नव्हताच.

आधी मला हसू आलं, मग हसताहसता मी रिक्षात बसले. मित्राने घाईत भलतीच फाइल पाठवली असणार. लोकांची फजिती त्याला कधी एकदा सांगते असं झालं होतं.

तो दुकानावरच्या खोलीत वायरी गुंडाळत बसला होता. मी सगळं सांगितलं. तो हसला नाही.

‘फाइल चुकलेली नाही,’ तो म्हणाला. ‘मीच काढला तुझा आवाज.’

‘का?’ मी विचारलं.

‘वर गेलीस की फाटत होता. दर वेळी वाटायचं, आता सांगावं. तोंड उघडलं की छान बाहेर पडायचं.’

‘मग न विचारता गाणं बाहेर काढायचं? तेही माझ्या शब्दांशिवाय?’

‘चुकलंच. वाटलं, तू ऐकशील, येशील, शिव्या देशील. म्हणजे मला आधी बोलावं लागणार नाही.’

शिव्या मी दिल्या. त्याला भित्रा म्हणाले, दगाबाज म्हणाले. गुलाबवाले परवडले, त्यांनी निदान ऐकलं नव्हतं. यानं सगळं ऐकून मला छान म्हटलं होतं. रडूही आलं. माझं बोलणं संपल्यावर त्याने पेटी पुढे ओढली आणि पांढरी पाच धरली. म्हणजे चांगलीच खाली.

‘मी या पट्टीत गात नाही,’ मी म्हणाले.

त्याने बोट काढलं नाही. खाली चौकात हॉर्न कोकलत होते. तो स्वर बराच वेळ वाजत राहिला, आणि मग वैतागूनच मी पहिलं कडवं म्हटलं.

तो तोंड उघडणार एवढ्यात मी म्हणाले, ‘छान म्हणालास तर याद राख.’

‘तिसरी ओळ घसरली,’ तो म्हणाला.

मी डोळे पुसले आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू केलं.