पटवर्धनसाहेबांची शिवनेरी

एखाद्या गोष्टीला आधीपासून असलेलं नाव पटवर्धनसाहेबांना कधी पटलं नाही. पुण्याहून बदली होऊन ते कलकत्त्याच्या आमच्या सरकारी संगणक केंद्राचे प्रमुख म्हणून आले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी हरिपद शिपायाचा हरिभाऊ केला. मी कलकत्त्याच्याच बेहाला भागात वाढलेला मराठी मुलगा. घरी मला 'बापी' म्हणतात हे कळल्यावर त्यांनी माझा बापूराव करून टाकला. "नाव ठेवतो तो मालक," हे त्यांचं ब्रीद. नावं ठेवण्यात तर त्यांचा हात कोणी धरला नसता.

आमच्या यंत्राचं नाव होतं तिस्ता. ते यंत्र सांभाळणारे आमचे बंगाली सहकारी सरकारबाबू यांनी दिलेलं. त्यांचं बालपण त्या नदीकाठी गेलं होतं. कुठल्याही प्रोग्रॅमनं विचारलं की सिस्टिम आपलं नाव सांगे आणि छापून निघणाऱ्या प्रत्येक कागदाच्या माथ्यावर ते येई. नाव बदलण्याची आज्ञा मात्र ती फक्त केंद्रप्रमुखांकडून घेई. एवढं कळल्यावर साहेब कसले गप्प बसतात!

त्यातच दिल्लीहून संचालक येणार होते आणि साहेबांची दिल्लीची बढती त्यांच्याच हातात होती. यंत्राचं नाव 'शिवनेरी' करायचं ठरलं. "आम्हां मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या धाकानं या कलकत्तेकरांनी बागबाजारपासून खंदक खणला, बापूराव," साहेब मला म्हणाले. "आता आमचा किल्ला यांच्या यंत्रात बसवतो."

सरकारबाबूंनी शांतपणे समजावलं की आज्ञेनं बदललेलं नाव यंत्र चालू असेतोच टिकतं. बंद पडून पुन्हा सुरू झालं की ते डिस्कवर लिहिलेलं मूळचं नाव उचलतं. तेही बदलून देऊ का, असं त्यांनी विचारलं. पण बंगाली माणसाकडून शिकणं साहेबांच्या पत्रिकेत नव्हतं. लग्नात आपण बायकोचं नाव एकदाच तांदळात लिहिलं, ते आजतागायत टिकलंय, असं त्यांनी सुनावलं.

संचालक यायच्या दिवशी साहेबांनी खरोखर घरून ताटात तांदूळ आणले, त्यावर अंगठीनं 'शिवनेरी' लिहिलं आणि मगच यंत्राला आज्ञा दिली. कागदावर शिवनेरी उमटलं. संचालक आले, खुर्चीत बसले, आणि त्या काळच्या कलकत्त्यात जे व्हायचंच ते झालं. वीज गेली. ती आल्यावर यंत्र पुन्हा सुरू केलं, आणि साहेबांनी छाती फुगवून पहिला कागद संचालकांच्या हाती दिला. माथ्यावर होतं तिस्ता. तुमचं यंत्र तुमचं ऐकत नाही वाटतं, असं म्हणून संचालक चहा न घेता गेले. दिल्लीला दुसऱ्याच कोणाची वर्णी लागली, आणि साहेब निवृत्त होईपर्यंत केंद्रात फितूर शोधत राहिले.

घरीही त्यांना दोनदा हाक मारावी लागे. "वैजयंती!" ते बायकोला ओरडत, आणि काकू दुसऱ्या हाकेला येत. हिला जरा कमी ऐकू येतं, असं साहेब आम्हांला सांगत, म्हणून आम्हीही काकूंशी मोठ्यानं बोलत असू.

निवृत्तीनंतर बागबाजारच्या भाड्याच्या घरातच साहेब गेले. माणूस छळवादी, तरी मला वाईट वाटलं. माझं धेडगुजरी मराठी त्यांनीच ताळ्यावर आणलं होतं. तेराव्यानंतर मी काकूंना भेटायला गेलो आणि सवयीनं मोठमोठ्यानं सांत्वन करू लागलो. तेवढ्यात शेजारच्या खिडकीतून कोणीतरी बंगालीत हळूच चहाचं विचारलं, "शुमनदी, चा खाबे?"

काकू त्या एका हाकेला उठल्या, खिडकीतून दोन पेले घेऊन आल्या आणि एक माझ्यापुढे ठेवला.

"सुमन माझं माहेरचं नाव," त्या म्हणाल्या. "आणि बापी, ओरडू नकोस. मला पहिल्यापासून नीट ऐकू येतं."