गस्तीच्या वहीचं पान

पोलिसांच्या त्या संग्रहालयात जुन्या बंदुका होत्या, गंजलेल्या बेड्या होत्या, शिट्ट्या तर ओंजळभर होत्या. आणि या सगळ्यांवरून रोज फडकं फिरवणारे निवृत्त जमादार होते. बायको म्हणायची, एवढा जीव घरातल्या भांड्यांना लावला असता तर घर लखलखलं असतं. ते हसण्यावारी न्यायचे.

मधल्या काचपेटीतली गस्तीची वही मात्र यंदाच अडगळीतून सापडली होती. उजेडाने शाई उडते म्हणून दर सोमवारी तिचं पान उलटायचं, जानेवारीचं जानेवारीत, जुलैचं जुलैत, असं साहेबांनी ठरवून दिलं. पुराच्या आठवड्याचं पान कधी येणार, हे जमादारांना तेव्हापासून पाठ होतं. आज ते आलं. दोन पानं एकदम उलटली असती तरी कोणाच्या बापाला कळलं नसतं. हात अडखळला खरा, पण पान एकच उलटलं.

दुपारी वहिनी यायच्या होत्या. वहिनी म्हणजे त्यांच्या गस्तीच्या जोडीदाराची बायको. पुलावरून माणसं बाहेर काढताना जोडीदार वाहून गेला, त्याला आज सव्वीस वर्षं झाली. दर वर्षी या दिवशी वहिनी येत, कर्तव्य बजावताना गेलेल्यांचा भिंतीवरचा फलक वरपासून खालपर्यंत वाचत, नवऱ्याचं नाव सापडलं नाही की गुपचूप निघून जात. नाव लागणार कुठून? कागदोपत्री तो त्या दिवशी सुट्टीवर होता. पुलावरच्या गस्तीपुढे सही होती जमादारांची.

ठाण्यातली खोडच होती ती: आठवडाभराच्या सह्या सोमवारीच ठोकून मोकळं व्हायचं. त्या दुपारी जमादारांची मुलगी तापाने फणफणली होती. घरी सहज डोकावलेला जोडीदार म्हणाला, तू पोरीजवळ थांब, पुलावर मी जातो. अंगावरच्या साध्या कपड्यांतच गेला. पुढे चौकशीत तेव्हाच्या साहेबांनी ही वही समोर धरली, तेव्हा जमादार म्हणाले, हो, मी पुलाच्या दुसऱ्या टोकाला होतो. खोट्या सहीपायी नोकरी गेली असती. भ्याले. एकदा भ्याले ते कायमचेच, आणि ती मुलगी मोठी होऊन सासरी गेली तरी त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही.

वहिनी आल्या. फलक वाचून त्या वळल्या, तेव्हा जमादारांनी त्यांना काचपेटीपाशी बोलावलं आणि काचेवर बोट ठेवलं. वहिनींनी चष्मा लावून सावकाश वाचलं.

“म्हणजे तुम्ही तिथे होतात, भावोजी? त्यांना जाताना पाहिलंत?”

“नाही, वहिनी. नुसती सही माझी. मी घरी होतो. माझ्या जागी तो गेला होता.”

मग त्यांनी सगळं सांगितलं आणि साहेबांना द्यायला लिहून ठेवलेला जबाब खिशातून काढला. वहिनी आता तोंडावर थुंकतील, इथपर्यंत त्यांनी मनाची तयारी केली होती. वहिनी स्टुलावर बसल्या.

“सव्वीस वर्षं रोज सकाळी त्यांच्या फोटोशी भांडतेय मी,” त्या म्हणाल्या. “सुट्टीच्या दिवशी पुलावर काय काम होतं तुमचं, म्हणून.”

जमादारांनी हातातला जबाब उलगडला.

“द्या तो कागद,” वहिनींनी हात पुढे केला. “आधी घरी त्यांना वाचून दाखवते. फलकाचं मागाहून बघू.”