राजाचा टांगेवाला आणि कोलशेतचा जिताडा

माझ्या नणंदेच्या सासऱ्यांनी आजवर एकही मासा पकडलेला नाही, एकही खाल्लेला नाही, आणि मासळीबाजारावरून जायची वेळ आली तर ते नाकाला रुमाल लावून रस्ता बदलतात. तरीही माशाच्या मनात काय चाललंय हे त्यांच्याइतकं ठामपणे सांगणारा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात सापडायचा नाही. त्यातून मासा तरी कुठला? बांगडा नाही, सुरमई नाही. ट्राउट! हिमालयाच्या बर्फगार पाण्यात राहणारा आणि पाण्यावर बसलेल्या माश्या-चिलटं मटकावणारा. त्याला फसवायला हौशी लोक हुकावर पिसं आणि रेशीम गुंडाळून खोट्या माश्या बनवतात म्हणे. अण्णा, म्हणजे हे नणंदेचे सासरे, डोंबिवलीतल्या दुसऱ्या मजल्यावर डायनिंग टेबलाच्या कोपऱ्याला छोटा व्हाइस, म्हणजे वस्तू घट्ट धरणारा शिकंजा, लावून गेली चौदा-पंधरा वर्षं त्या माश्या बनवताहेत. मी पडले मासे खाणाऱ्या घरातली. आमच्याकडे मासा ताटात आला की विषय संपतो. जिवंतपणी त्याला काय आवडायचं, याची चौकशी कुणी करत नाही.

हे सगळं सुरू झालं वागळे इस्टेटमध्ये. अण्णा तिथल्या एका कारखान्यात टूलरूमला होते. मिलिमीटरचा शंभरावा भाग म्हणजे त्यांना तुमच्याआमच्या वीतभर जागेएवढा वाटतो. कुठलंसं मशीन बसवायला आलेला एक परदेशी इंजिनिअर खणात एक पुस्तिका विसरून गेला, ती पुढची कित्येक वर्षं तिथेच पडून होती. निवृत्तीच्या दिवशी बाकीचे लोक शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी येतात, अण्णा ती पुस्तिका घेऊन आले. आत विसेक माश्यांची रंगीत चित्रं होती आणि प्रत्येकीखाली हुकाच्या मापाचा नंबर दिलेला होता. पण दुसऱ्याने लिहिलेल्या नंबरावर विसंबेल तो टूलरूमचा माणूस कसला! अण्णांनी चित्रांनाच व्हर्नियर लावला, मापं वहीत उतरवली, आणि स्प्रिंगच्या तारेचे हुक घरच्या गॅसवर लाल करून स्वतः बनवले. काकू, म्हणजे नणंदेच्या सासूबाई, त्या वेळी शेजारच्या शेगडीवर वरण उकळत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "वरणाला लोखंडाचा वास लागला तर तुम्हालाच वाढेन."

त्यांच्या लाडक्या माश्या चार. इंग्रजी नावं त्यांना परकी वाटायची, म्हणून त्यांनी सगळ्यांची बारशी केली. 'मार्च ब्राउन' झाली फाल्गुनी. 'ब्लॅक नॅट' झालं काळं चिलट. 'हेअर्स इअर' झाला सशाचा कान, आणि ससा कुठून आणणार म्हणून त्याला लागणारी लव ते तिसऱ्या मजल्यावरच्या तपकिरी कुत्र्याची मिळवायचे. लिफ्टमध्ये कुत्रा आला की अण्णा प्रेमाने खाली वाकायचे आणि खिशातली छोटी कात्री एकदाच कचकन् वाजायची. कुत्र्याच्या मालकिणीला बरेच महिने वाटत होतं की त्याला खरूज झालीय. पण या सगळ्यांची महाराणी म्हणजे 'रॉयल कोचमन', अर्थात राजाचा टांगेवाला. मोरपिसाच्या तंतूंचं हिरवं अंग, मध्ये लाल रेशमाचा पट्टा, बदकाचे पांढरे पंख आणि गळ्याशी कोंबड्याच्या पिसांची तपकिरी झालर. लाल रेशीम काकूंच्या लग्नातल्या शालूच्या काठातलं. शालू आता अडीच इंच कमी आहे, आणि काकूंनी तो मुद्दाम तसाच ठेवलाय, भांडणात काढता यावा म्हणून.

कोंबड्याच्या पिसांपायी तर त्यांनी अब्रू पणाला लावली. दर रविवारी सकाळी हा शुद्ध शाकाहारी गृहस्थ चिकनच्या दुकानाशी, दुकानाकडे पाठ करून, भिंतीशी बोलल्यासारखा उभा. दुकानदार म्हणायचा, "काका, कोंबडी घ्या ना, पिसं फ्री देतो." अण्णा म्हणायचे, "पिसं द्या, कोंबडी तुम्ही ठेवा." सोसायटीत व्हायची ती बोंब झालीच. काकूंना जिन्यात गाठून एका शेजारणीने हळूच विचारलं, "काय हो, डॉक्टरांनी सांगितलंय का?" काकू ताडकन म्हणाल्या, "डॉक्टरांना दाखवायलाच हवंय, पण पोटासाठी नाही!"

मी एकदा वैतागून विचारलं, "अण्णा, मासा खायचा नाही, मारायचा नाही, मग हा उद्योग कशाला हो?" त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "टूलरूममध्ये जॉब बनवला की तो इन्स्पेक्शनला जातो. पास तरी होतो, नाहीतर परत तरी येतो. इन्स्पेक्शन न झालेला जॉब म्हणजे नुसतं भंगार. माझे चौदा वर्षांचे जॉब इन्स्पेक्शनवाचून पडलेत बघ. एकदा, फक्त एकदा, कुठल्यातरी माशाने माझी माशी खरी समजून तोंड उघडावं. मग त्याला सोडून द्या, माझं काही म्हणणं नाही." हे बोलताना त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा थरथरत होता. माझं लक्ष गेलेलं बघून त्यांनी हात टेबलाखाली घेतला. तेव्हा कळलं की ही नुसती हौस नाही, आणि वेळही फार उरलेला नाही.

म्हणून गेल्या मे महिन्यात मी आणि माझे हे हिमाचलला निघालो, तेव्हा मी आपणहून त्यांच्या पाच माश्या मागून घेतल्या. अण्णांनी त्या टिफिनच्या डब्यात कापसावर ठेवल्या आणि स्टेशनपर्यंत डबा स्वतः धरला. तिकडे नदीकाठी परवाना काढून, एक वाटाड्या धरून आम्ही उभे राहिलो. त्या भल्या माणसाने डबा उघडला, आत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि अगदी अदबीने विचारलं, "मॅडम, इससे क्या पकड़ना है?" मग त्याने स्वतःची माशी तळहातावर ठेवली. राजाचा टांगेवालाच तो. तेच हिरवं अंग, तोच लाल पट्टा. फक्त तांदळाच्या दाण्याएवढा! अण्णांचा टांगेवाला माझ्या अंगठ्याएवढा होता. तरी मी हट्टाने तोच टाकायला लावला. तो पाण्यात धप्पकन पडला आणि आसपासचे झाडून सगळे ट्राउट पळाले. हे मला म्हणाले, "चल आता." मी काठावर बसून चक्क रडले.

परत आल्यावर खोटं बोलायचं मी पक्कं ठरवलं होतं. पण अण्णा दारातच उभे. "पास?" ते तोंड बघितलं आणि माझा बेत तिथेच मोडला. मी वाटाड्याने दिलेला तांदळाएवढा टांगेवाला त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी व्हर्नियर लावला. एकदा, दोनदा, तीनदा. मग पुस्तिका काढली आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा तिची प्रस्तावना उघडली. जन्मभर टूलरूममधल्या पोरांना सांगत आले होते की प्रस्तावना वाचत बसू नका, ड्रॉइंग बघा. प्रस्तावनेच्या शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की, सोयीसाठी सर्व चित्रं पाचपट मोठी छापली आहेत.

अण्णांनी पुस्तिका मिटली. व्हाइसवर त्यांनी देवघरातलं जुनं वस्त्र टाकलं. उरलेल्या माश्यांचा डबा परत घ्यायला नकार दिला, म्हणून तो माझ्याकडेच राहिला. पंधरा दिवसांनी नणंदेचा रडवेला फोन आला, "वहिनी, अण्णा दिवसभर टीव्ही बघतायत गं. सगळ्या मालिका. काकूंना मागची कथा विचारतायत!" 

आता आमचं घर ठाण्यात, कोलशेत रोडला. तिथल्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातून चांगुणाताई मासळी घेऊन येते. माझं आणि तिचं बारा वर्षांचं भांडण आहे, म्हणजे मैत्रीच म्हणायची. एकदा ती कोलंबी निवडत बसली असताना तिला तो डबा दिसला. तिने टांगेवाला उचलला. "यो कंचा किरा गो?" मी सगळी हकिकत सांगितली. ती खो खो हसली, हसून झाल्यावर माशी पुन्हा उजेडात धरून फिरवली आणि म्हणाली, "ट्राउट का काय त्याचा मना ठाव नाय. पन आमच्या खारीतला जिताडा यो सोरनार नाय बग." जिताडा म्हणजे खाडीतला राजा, चांगला हातभर आणि दांडगा. तिचा नवरा त्याला जिवंत कोलंबी लावून दोरीने पकडतो. ती एक टांगेवाला घेऊन गेली आणि दोन दिवसांनी निरोप आणला: माल भारी, पण पाण्यात आडवा पडतो.

मी तडक डोंबिवलीला फोन लावला. "अण्णा, तुमच्या जॉबबद्दल कंप्लेंट आली आहे. साइटवर यावं लागेल." पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. "कोणाची कंप्लेंट? काय म्हणणं आहे त्यांचं?" दुसऱ्या दिवशी सकाळी भरतीच्या वेळेला अण्णा कोलशेतच्या बंदरावर हजर. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात व्हर्नियर, नाकाला रुमाल. चांगुणाताईच्या नवऱ्याने बादलीत टांगेवाला टाकून दाखवला. खरंच, दारुड्यासारखा कुशीवर पडला. अण्णांनी रुमाल खिशात घातला. ते विसरलेच नाकाबिकाला. "बॅलन्स गेलाय. शिसं आहे का शिसं?" जाळ्याच्या शिशाचा तुकडा मिळाला. तो ठोकून, त्याची तार काढून अण्णा पोटाशी गुंडाळायला लागले, तर अंगठा थरथरला आणि तार निसटली. पुन्हा निसटली. तेव्हा त्या कोळ्याने आपले दोन जाडजूड हात पुढे केले आणि हुक घट्ट धरला. अण्णांनी तार गुंडाळली. बादलीत टांगेवाला सरळ उभा राहिला. दोघांनी एकमेकांकडे बघून फक्त मान हलवली.

मग होडी. अण्णा, मी, चांगुणाताई आणि तिचा नवरा. त्याने दोरी फेकली आणि कोलंबी पळावी तशी हळूहळू हिसके देत ओढली. काही नाही. दुसऱ्यांदा काही नाही. अण्णांच्या ओठांची हालचाल चालू होती. मला वाटलं रामरक्षा म्हणतायत, जवळ जाऊन ऐकलं तर मापं म्हणत होते. तिसऱ्यांदा दोरी ओढली आणि पाणी फुटलं. अक्षरशः फुटलं हो! केवढं तरी चंदेरी धूड वर उसळलं, जबडा वासलेला, आणि त्या जबड्याच्या कडेला हिरवा, लाल पट्ट्याचा, पांढऱ्या पंखांचा राजाचा टांगेवाला. "सोर, दोर सोर!" चांगुणाताई ओरडली. नवऱ्याने दोर सैल सोडला, मासा पुन्हा उसळला, मान झटकली, आणि दोरी तटकन तुटली. मासा गेला. सोबत टांगेवालाही गेला.

कोळ्याने कपाळावर हात मारला.  आणि अण्णा? अण्णा होडीत उभे राहून, आपण कुठे उभे आहोत याचं भान न ठेवता, दोन्ही हात वर करून हसत होते. "उघडलं! तोंड उघडलं त्याने! खरी वाटली त्याला!" चांगुणाताई कडाडली, "हातचा मासा गेला नि यो म्हातारा हासतय! येरा हाय का काय? बसव गो त्याला खाली!" मी शर्ट धरून त्यांना बसवलं. त्यांचे डोळे भरले होते. थोड्या वेळाने त्यांना एकदम काळजी वाटली, "हुक तोंडात राहिला गं त्याच्या." मग स्वतःच म्हणाले, "साधी तार आहे, गंजून पडेल. बरं झालं, स्टेनलेस वापरली नाही."

आता व्हाइसवरचं वस्त्र देवघरात परत गेलंय. महिन्यातून एकदा कोलशेतला डबा जातो. जिताडे मिळतात, आणि चांगुणाताई त्या बदल्यात अण्णांसाठी शेवग्याच्या शेंगा पाठवते, कारण त्यांना दुसरं काय द्यावं हे तिला अजून सुचलेलं नाही. उरलेला वेळ अण्णा तांदळाएवढा टांगेवाला बनवतात. शालू आणखी थोडा कमी झालाय. पूर्वी दिवसाला तीन व्हायचे, आता एकाला आठ-आठ दिवस लागतात. भिंग लावून, डाव्या हाताने उजवं मनगट धरून. बरेचसे ते स्वतःच नापास करतात.

एप्रिलच्या शेवटी आम्ही पुन्हा हिमाचलला निघालोय. लोकांना डोंगर बघायला जातोय असं सांगितलंय. परवा अण्णा येऊन कुंकवाची छोटी डबी देऊन गेले. आत कापसावर एकच माशी, फुंकरीने उडेल एवढी. मी "सुरेख झालीय हो" म्हटलं, तर त्यांनी मान हलवली. "डावा पंख जरासा तिरका आलाय. हात ऐकत नाही आता." मग दारात चपला घालताना थांबले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "माशाला मात्र सांगू नकोस."

मी कशाला सांगतेय! डबी मी पर्समध्ये नाही ठेवलेली. देवापाशी ठेवलीय.