खडपावरचा बावटा

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. तेव्हा मी असं काही लिहावं, याचाच संकोच वाटतो. चुकलं तर सांभाळून घ्यावं. पण सुकत घातलेल्या बांगड्यांचा वास आणि ओहोटीचं फिकट ऊन एकत्र आलं, की नववीतला तो तास आठवतो आणि राहवत नाही.

आमच्या बाई इतिहास आणि भूगोल एकत्रच शिकवत, तेही किनाऱ्यावर उभं करून. पाण्यातून वर आलेलं काळं खडप दाखवत त्या म्हणाल्या, शत्रूची गलबतं तोफांपेक्षा या दगडांनीच जास्त फोडली. इथल्या माणसांनी फक्त खुणा काढून घेतल्या, उरलेलं भरतीनं केलं. संध्याकाळी मी ते घरी रंगवून सांगितलं. बाहेरच्या मोठ्या बोटी मासळी उपसून नेत होत्या आणि आमची जाळी रिकामी येत होती, ते हे दिवस.

"तुझ्या बाईक शाळेत कित्याक ठेवलीहा गो?" काका हसले. "तिका होडयेर घेऊक व्हयी."

"भावजी, भलताच कायतरी मनात आणू नकात," आई म्हणाली.

भरतीत बुडणारं खडप कळावं म्हणून त्यावर लावलेला बावटा आमच्याकडे घरं पाळीपाळीनं सांभाळतात. वैऱ्याच्या होडीलासुद्धा तो दिसला पाहिजे, अशी रीत. दुसऱ्या दिवशी दुपारी तो तिथं नव्हता.

भरतीच्या चमचमत्या पाण्यावरून बाहेरची एक मोठी बोट आली आणि एकाएकी थबकली. मग लाकूड फाटल्याचा आवाज वाळूपर्यंत पोचला. आमच्या होड्यांतून तिच्यावर दगड सुटले. लाट बोटीला उचलून पुन्हा पुन्हा खडपावर आपटत होती, आणि पाण्यात पडलेला एक खलाशी त्या दोन्हींमध्ये सापडला. त्याची किंकाळी लाटेगणिक तुटत होती. शेवटी काकांनीच उडी टाकून त्याला ओढून काढलं. वाळूवर निजवला तेव्हा त्याची छाती एका बाजूनं खचली होती, ओठांवर रक्ताचे बुडबुडे येत होते. मिसरूडही नीट फुटलेलं नव्हतं.

बाईंना काही सांगायचं धैर्य मला कधीच झालं नाही. काकांना मात्र मी त्या पोराबद्दल विचारत राहिले. "बरो आसा. गावाक गेलो," ते म्हणत. त्या दोन वाक्यांच्या आधारानं मी बारावी झाले, आता शिक्षिका व्हायचं म्हणून शिकते आहे.

गेल्या महिन्यात मासळीबाजारात त्या बोटीचा तांडेल, तिच्या खलाशांचा म्होरक्या, दिसला. काकांचं नाव सांगून मी भीतभीत त्या खलाशाबद्दल विचारलं.

"तो तिसऱ्याच दिवशी गेला, पोरी," तो म्हणाला. "त्याचं इथं कोण होतं? तुझ्या काकांनीच खांदा दिला."