पिशव्या बांधलेली कणसं

माझं माहेर उजनीच्या पाण्याकाठचं. तिथं मोटारी बसल्या, ऊस आला, केळी आली आणि आईची हुरड्याची गुळभेंडी ज्वारी गेली. आई वारली तेव्हा तिच्या डब्यात थोडंसं बी सापडलं. ते मी जेऊरजवळ सासरी आणून पेरलं. आता ते माझ्याशिवाय कुणाकडेच नव्हतं.

दुसऱ्या वर्षी काही ताटं भलतीच निघाली. दाणा टणक, चव पाणचट. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. बांधापलीकडच्या चाऱ्याच्या ज्वारीचा पराग वाऱ्यानं आणून टाकला होता. खरं तर ज्वारीला बाहेरच्या कुणाची गरज नसते. तिच्या फुलात नर-मादी दोन्ही असतात, तिचं ती फळते. पण वाऱ्यानं लुडबुड केली की थोडी भेसळ होतेच. तेव्हा ठरवलं, वाऱ्याला दारच बंद करायचं.

कणीस पानांच्या पोटरीतून बाहेर पडलं की फुलायच्या आत त्यावर पिशवी बांधायची. आधी प्लास्टिकच्या बांधल्या, तर आत पाणी सुटून कणसं बुरसली. पुढल्या हंगामात आईचं उरलंसुरलं बी पेरलं आणि शहरातल्या कापडदुकानांच्या कागदी पिशव्या बांधल्या. ज्वारीला टोप्या घातल्या म्हणून अख्खी आळी हसली. हसेनात का.

मग हुरड्याला पाव्हणे आले. मी घरी चटणी कुटून शेतावर पोचते तो काय, धाकट्या दिरानं पिशव्या फाडून सगळी कणसं भाजायला आगटीत घातलेली! एवढी जपलीत म्हणजे पाव्हण्यांच्या मानाचीच असणार, असं त्या भल्या माणसानं धरलं होतं.

"वैनी, निवडक आणली बगा," तो कौतुकानं म्हणाला.

एकच कणीस वाचलं होतं, नवऱ्याच्या मामांच्या हातात, अजून न भाजलेलं.

"मामा, ते कणीस द्या हिकडं."

"आगं, एका कणसानं काय व्हतंय?"

"त्या एकानंच समदं व्हतंय. द्या."

पाव्हण्याच्या हातातलं खाणं मागून घ्यायचं म्हणजे आमच्याकडे लहान गोष्ट नाही. नवऱ्यानं मान खाली घातली. "लई हट्टी हाय की सून," म्हणत मामांनी कणीस दिलं.

दाणा अजून हिरवा होता. उगवेल का, याची मला धास्तीच होती. तरी सावलीत वाळवला आणि पुढल्या रब्बीत पेरला. निम्म्याहून जास्त मातीतच कुजला, बाकीचा उगवला. पिशव्या पुन्हा बांधल्या.

त्या साली पाव्हण्यांना निरोप धाडला, औंदा हुरडा न्हाय. एक कणीस मात्र मी बांधावर बसून एकटीनं भाजून खाल्लं. चव आईच्या शेतातली होती. मी पोटभर रडले.