मामांचे मणी

स्वतःला सायकल चालवता येत नसताना सायकलीवर एवढा जीव टाकणारा माणूस वेस्ट मांबलममध्येच काय, अख्ख्या चेन्नईत दुसरा सापडायचा नाही. आम्ही साताऱ्याहून इथे राहायला आलो, त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरचे हे मामा दारात येऊन म्हणाले, "घरात जुने मणी अस्के हायत. बघाला यावा." घराणं तंजावरचं, मराठी पिढ्यान्‌पिढ्या तमिळमध्ये मुरलेली; अस्के म्हणजे सगळे. मणी म्हटल्यावर आमची बायको साडी बदलून वर गेली. पाहते तर टेबलभर सायकलच्या जुन्या घंट्या, शिवाय डायनामो, दिवे आणि एक एकटंच चेनकव्हर. तमिळमध्ये घंटीला मणी म्हणतात आणि किती वाजले हे विचारतानाही मणीच म्हणतात, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

पितळेच्या घंट्या मामा चिंचेने घासत, त्यामुळे त्यांच्या घरचं रसम कायम फिकं. रस्त्यात जुनी घंटी ऐकू आली की बोलणं अर्धवट सोडून सायकलमागे धावत. अंबत्तूरच्या एका कारखान्यातल्या वॉचमनच्या सायकलवरची घंटी त्यांच्या मनात भरली. तो देईना. मामा त्याची पाळी संपेपर्यंत फाटकाशी बसून राहिले आणि शेवटी नवी कोरी घंटी त्याच्या सायकलला बसवून जुनी घेऊन आले. छत्री तिथेच विसरले. "हॉर्न ऐकून माणूस चिडतो पा," ते म्हणत, "मणी ऐकला की वळून बघतो."

गेल्या वर्षी मामांचे गुडघे अगदीच दुखायला लागले आणि मुलाने त्यांना सिरुसेरीच्या आपल्या फ्लॅटवर न्यायचं ठरवलं. कपडे आणा, भंगार नको, असं त्याने बजावलं. मामा दोन दिवस धड जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्क्रू ड्रायव्हर घेऊन निघाले आणि बिल्डिंगमधल्या प्रत्येक दाराला एकेक घंटी बसवून आले. अंबत्तूरची आमच्या वाट्याला आली. स्वतःसाठी त्यांनी एकही ठेवली नाही.

मग रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायला लागला. "मणी काय झाला?" मी घड्याळ बघून सांगायचो, सहा वाजून दहा मिनिटं. "सरी," म्हणजे बरं, एवढंच म्हणून ते फोन ठेवायचे. असा आठवडा गेल्यावर एके दिवशी बायकोने माझ्या हातातून फोन घेतला. "अहो, ते वेळ विचारत नाहीयेत," म्हणाली आणि दार उघडून तिने घंटी वाजवली. मला माझीच लाज वाटली.

मग मामा हळूच म्हणाले, "थोडी चिंच लावा. आवाज बसलाय."

हल्ली आमचंही रसम फिकंच असतं.