डोळ्यांसमोर चाललंय तेवढंच

आमच्या मळ्यातली केळी पहिल्यांदाच परदेशी जाणार होती, आणि ती जाणार की नाही हे माझ्या इंग्रजीवर ठरणार होतं. केळीच्या नशिबात याहून वाईट काही नसावं.

सगळं जुळवलं होतं मुलीने. आखातातल्या खरेदीदाराची अट एकच: खोके भरताना व्हिडिओ कॉलवर दाखवायचं आणि काय चाललंय ते सांगत राहायचं. सांगणार ती होती. पण नेमकी त्याच दिवशी जळगावला तिची प्रॅक्टिकल परीक्षा आली. घड तर पहाटेच कापून झालेले. कापलेला घड काही परत झाडाला लावता येत नाही. खरेदीदाराने नको म्हटलं की माल शेडमध्येच पिवळा पडणार.

पहिल्या एसटीने निघण्याआधी तिने खोक्याच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं: आय अ‍ॅम, शी इज, दे आर. खाली दहा क्रियापदं, प्रत्येकाला शेपूट लावलेलं. वॉशिंग, कटिंग, पॅकिंग.

"बाबा, कालचं नको, उद्याचं नको. डोळ्यांसमोर चाललंय तेवढंच बोला."

"आणि त्याने काही विचारलं तर?"

"तर बघा आणि सांगा. त्यात काय?"

माझं इंग्रजी दहावीला सुटलं, तेही काठावर. मी गोठ्यात जाऊन सराव सुरू केला. आय अ‍ॅम स्टँडिंग. शी इज ईटिंग. बायको शिरपूरकडची. चिडली की माहेरची बोली काढते. ती दारात येऊन म्हणाली, "काय करी राह्यनात तुम्ही? म्हैसले इंग्रजी शिकाडी राह्यनात का?"

दहाला फोन वाजला. पुठ्ठा पंख्याच्या दांडीला टांगला होता आणि नेमका वाऱ्याने फिरत होता. पडद्यावर एक दाढीवाला, शांत माणूस. मला शांत माणसांचीच जास्त भीती वाटते.

"दे आर वॉशिंग," मी म्हणालो. टाकीत फण्या धुतल्या जात होत्या. "शी इज कटिंग." बाई फणीचा देठ कापत होती. चाललं की! पाच मिनिटांत मला वाटू लागलं, आपण उगीच आयुष्य मराठीत काढलं.

तेवढ्यात त्याने कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे आमच्याकडे वर्षानुवर्षं कामाला येणारी अक्का खोका भरत होती. ती काय करतेय, असं त्याने विचारलं.

अक्का डाग पडलेल्या फण्या खोक्याच्या तळाला ठेवत होती आणि वर चांगल्या. आमच्या बाजारात असंच भरतात. सकाळी मीच तिला तसं सांगितलं होतं. "शी इज पॅकिंग" म्हटलं असतं तरी खोटं नव्हतं. पण पुठ्ठा नेमका पाठमोरा झाला, आणि मुलीचं 'बघा आणि सांगा' तेवढं डोक्यात उरलं. मी बघितलं आणि सांगितलं.

"शी इज हायडिंग."

पलीकडे तो पडद्याच्या आणखी जवळ सरकला. अक्काला इंग्रजीचा गंध नाही. ती फोनकडे बघून छान हसली आणि आणखी एक डागाळलेली फणी तळाला ठेवली.

मी धावलो. "आय अ‍ॅम ओपनिंग! आय अ‍ॅम रिमूव्हिंग!" म्हणत तिचा खोका उपडा केला.

"भाऊ, काय झालं? तुम्हीच तर सांगितलं ना सकाळी?"

"अक्का, मी सांगितलेलं काही ऐकू नका."

पुढचा तासभर एकेक खोका त्याच्यासमोर भरला. डागाळलेली फणी बाहेर काढली की मी ते ओरडून सांगत होतो. शेवटी तो एक लांबलचक वाक्य बोलला. माझ्या ओळखीचं शेपूट त्यात कुठेच नव्हतं. मी "येस सर" म्हणालो. फोन बंद.

हो म्हणाला की नाही? ट्रक उभा. ड्रायव्हर दर दहा मिनिटांनी विचारायचा, "भाऊ, भरू का?" मुलीचा फोन बंद. बायकोने जेवायला वाढलं, मी भाकरी मोडून नुसता ताटाकडे बघत बसलो. दोन वाजता, तीन वाजता मी टाकीजवळ जाऊन फण्यांचा रंग पाहून आलो. दरवेळी त्या मला जरा जास्तच पिवळ्या वाटल्या.

साडेतीनला मुलीचा फोन. "बाबा, तुम्ही त्याला काय सांगितलंत?"

"का? नको म्हणाला?"

"माल घेतोय. पण फोनच्या आधी भरलेले खोकेही त्याला उघडून हवेत. चार वाजता, त्याच्यासमोर. मी बसमध्ये आहे, तुम्हीच बोला."

सकाळचे तीस खोके भिंतीला लावून ठेवले होते; फोनवर ते त्याला दिसले असणार. बायकोने पहिल्याचं झाकण काढलं, वरची फणी उचलली, खाली पाहिलं. तळाला डागाळलेल्या फण्या.

"ह्या तर अक्कानी भरेल नहीत," ती म्हणाली. "कोनी भरात?"

ते खोके भरले तेव्हा अक्का आलीच नव्हती; शेडमध्ये मी एकटाच होतो. मी पुठ्ठा दांडीवरून काढला, हातात घट्ट धरला आणि बायकोजवळ खाली बसलो.

फोन वाजू लागला होता.